कापलेलं इंजिन राहूनच गेलं

सानगडी, रविवार, दिवेलागण

बंगलोरहून आज परतलो. मन कडू झालं आहे, अन् दोष तरी कोणाला देऊ?

फिरायला एकच दिवस होता अन् विमानांची संग्रहालयं दोन. जावईबापूंनी नाश्त्यालाच विचारलं, "बाबा, जुनं पाहाचं का नवं?" जुन्यात विमानाचं इंजिन मधोमध कापून ठेवलं आहे, आतले पिस्टन दिसतात म्हणे. चाळीस वर्षं मी पंपाची इंजिनं खोलली, सारं आपल्याच हातानं शिकलो. ते कापलेलं इंजिन एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. पण लेकीच्या घरी बापानं काही मागू नये, ही आमच्याकडची रीत. म्हणालो, "तुमी म्हणाल ते."

मग नवं. चकचकीत विमानं, दिव्यांचा झगमगाट, फोटोवर फोटो. माझ्या डोक्यात मात्र ते इंजिनच. कायले गप्प बसलो? रीत म्हणून, की नुसता भेकड म्हणून?

आत्ताच लेकीचा फोन आला. "बाबा, हे म्हणतात, तुम्हाले जुनंच पाहाचं होतं. खरं सांगा."

"नाही व माय, नवंच मस्त होतं."

तिला केवढं हायसं वाटलं! म्हणाली, "मंग पुढच्या खेपेलेही तिथंच जाऊ."