एमआरआयमधून बाहेर आल्यावर

प्रिय आई, नमस्कार.

फोनवर तू घाबरतेस, म्हणून लिहिते. डोकेदुखीसाठी काल माझा एमआरआय केला. दुखत काहीच नाही. बाबांच्या बोटीत इंजिनाशेजारी झोपल्यासारखा आवाज येतो आणि हलायचं नसतं, इतकंच. तू मनगटावर बांधलेल्या दोऱ्यात लोखंडी कडी आहे, म्हणून तो काढावा लागला. नंतर पुन्हा बांधला.

मशीनवर माझ्याबरोबर काम करणारी भाविका होती. बाहेर येताच मी विचारलं, "काय गं, मेंदू सापडला का?" एरवी ती टोमणा परतवल्याशिवाय राहत नाही. या वेळी स्क्रीनकडेच बघत म्हणाली, "डॉक्टर सांगतील."

हेच आम्ही प्रत्येक पेशंटला सांगतो. नियमच आहे, काळजी करू नकोस.

बोंबील वाळले का? रिपोर्ट आला की फोन करणार नाही, डहाणूला घरीच येईन.

तुझी,
हर्षाली