मऊ पडलेली बटणं

मंगळवार, संध्याकाळ

आज सॅम्पलर, म्हणजे आवाज भरून बटणांवर वाजवायचं यंत्र, घेतला, पण ठरवलेला नाही. महिनाभर मोठ्या पडद्याच्या नव्या यंत्राचे व्हिडिओ बघत होते. देवळाली कॅम्पातले एक निवृत्त फौजी त्यांचं जुनं विकतायत असं कळलं, म्हणून नुसतं बघायला निघाले, तर अण्णा संबळ घेऊन सोबत. रिक्षात स्वतःच्या वडिलांची लाज वाटली मला. का वाटली?

फौजी खरं बोलले. "बटणं वापरून मऊ पडलीत. नुसतं बोट टेकलं तरी वाजतात, म्हणून स्वस्त देतोय." मी मनातून नाद सोडला. अण्णांनी मात्र संबळ त्यांच्या अंगणात उन्हात ठेवला. "चामडं तापू दे, मग आवाज भर." अर्धा तास आम्ही तिघं चहा पीत चामडं तापायची वाट बघत बसलो.

मग अण्णांनी उजव्या हाताने डाव्या बाजूवर एक टोला दिला. मी तो यंत्रात भरला. लकव्यानंतर त्यांचा डावा हात काठी धरत नाही, वर्षभर संबळ खुंटीलाच होता. त्यांनी त्या हाताचं बोट मऊ बटणावर टेकवलं. टोला घुमला. उजव्या हातातली काठी आपोआप चालू झाली.

"लय दिवसांनी डावा आला," एवढंच म्हणाले.

मऊ बटणं. मी त्यालाच खोट समजत होते.

आत्ता आतल्या खोलीत वाजतंय. यंत्र माझ्यासाठी आणलंय, हे त्यांना सांगायला मी काही उठणार नाही.