खंडेनवमीला रजेवर गेलेले सदतीस संगणक

सांगली, सोमवार

राजमान्य राजश्री सुभेदार मानसिंगराव (निवृत्त, आवाजाने मात्र अद्याप सेवेत) यांस सन्मती उपाध्येचा साष्टांग नमस्कार (गुडघे साथ देतील तितकाच).

विजयमालावहिनींची पाठदुखी कशी आहे? डाळिंबांना यंदा तेल्या शिवला नाही ना? इकडे सर्व क्षेम आहे. ते मध्यंतरी कसे बिघडले आणि त्यात आपला हात किती, एवढे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

श्रावणात प्राचार्यांनी मला महाविद्यालयाच्या यंत्रसुरक्षा समितीचा प्रमुख नेमले. (व्याकरण शिकवणारा माणूस नियमांना भीत नाही, असा त्यांचा समज.) आमच्या प्रत्येक संगणकाच्या पोटात अँटीव्हायरस नावाचा वैद्य आधीपासून आहे. नेटवर्कवर कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही हे पाहणारी दुसरी एक प्रणाली आहे, तिला आपण द्वारपाल म्हणू. इतकी वर्षे या दोघांचे बोलणे नव्हते, एका घरात राहणाऱ्या जावांसारखे. या प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीकडून पूजा नावाची हुशार मुलगी आली आणि तिने दोघांची गाठ घालून दिली. वैद्याने निरोप द्यायचा की यंत्र निरोगी आहे, मग द्वारपालाने आत सोडायचे. वैद्य किती तास गप्प राहिला म्हणजे संशय घ्यायचा, असे तिने मला विचारले. आपण बावीस वर्षे फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनात, काढलीत, म्हणून मी तिला चहा देऊन बसवले आणि आपल्याला फोन लावला. आपण डाळिंबाला पाणी देत होता. तिथूनच म्हणालात, “आवं गुरुजी, फौजेत चोवीस तासांत हजेरी न्हाई, तर त्यो गडी फरार.” मी चोवीस लिहून दिले. वर माझी एक अट जोडली, की हा आकडा बदलायचा तर महाविद्यालयाच्या, तेही निरोगी ठरलेल्या यंत्रावरूनच बदलता यावा. अट मला तेव्हा फार आवडली होती.

मग आली खंडेनवमी. सगळे संगणक पुसले, बंद केले, हळदकुंकू वाहिले, पडद्यांना झेंडूचे हार घातले. पूजा मीच सांगितली (आडनावच उपाध्ये, दुसऱ्या कोणाला बोलावणार?) आणि दसरा सरेपर्यंत यंत्रांना कोणी हात लावू नये, अशी सूचना माझ्याच सहीने फळ्यावर लावली. वायफायचा डबा तेवढा चालू राहिला, कारण तो छताजवळ आहे. हार काठीने पोचतो, बटणापर्यंत जायला शिडी लागते.

एकादशीला अकरा वाजता मागे राहिलेल्यांची परीक्षा होती. प्रश्नपत्रिका विद्यापीठाकडून सव्वादहाला आमच्या संगणकावर येते, ती छापून वाटायची. परीक्षार्थींत मेढ्याचा कृष्णात होता. हा एसटीत कंडक्टर, वय एकेचाळीस. बढतीला पदवी हवी आणि पदवीच्या आड एकटा संस्कृतचा पेपर, तो चौथ्यांदा. रजा एकाच दिवसाची मिळालेली. संगणक चालू केले, तर सदतीसच्या सदतीस दाराबाहेर. दोन दिवस वैद्य बोलला नाही, म्हणून द्वारपाल आत घेईना. आत घेतल्याशिवाय वैद्याला बोलता येईना. मानसिंगराव, यालाच अन्योन्याश्रय दोष म्हणतात. बावीस वर्षे मी तो वर्गात शिकवतो आहे, समक्ष भेट प्रथमच झाली. पूजाचा फोन बंद होता. प्राचार्य माझ्याकडे पाहत होते आणि मी हारांकडे.

तेवढ्यात कृष्णात दारात आला. पेपर दुपारी घेऊ का, असे मी त्याला विचारून पाहिले. तो हात जोडून म्हणाला, “सर, ह्या बारीला लय पाठ केलंय. पर दुपारपातूर ऱ्हाणार न्हाई डोक्यात.” एवढे बोलून त्याने तोंड घट्ट मिटले, उघडले तर सुभाषिते सांडतील म्हणून.

आणि इथे आमच्या शिपाई दगडाबाई पुढे आल्या. “सर, वरडणार नसाल तर एक सांगते,” म्हणाल्या आणि पदराखालून फाटकावरच्या हजेरीचा टॅब काढला. आम्ही ज्याची पूजा केली ते त्याचे नुसते कव्हर होते. टॅब दोन्ही दिवस आवारातल्याच बाईंच्या खोलीत, कारण दसऱ्याला त्यांच्या मालिकेचा महाएपिसोड. त्यामुळे त्यातला वैद्य अखंड बोलत राहिला, आणि साऱ्या संस्थेत द्वारपालाच्या लेखी विश्वासू असे ते एकच यंत्र उरले होते. (माझी सूचना मोडणाऱ्याही एकट्या त्याच.) पडद्यावर एक सासू हात उगारून थांबली होती. तिला बाजूला सारून मी चोवीसचे शहाण्णव करायला गेलो, तर बोट जाड पडून नुसते सहा झाले. दगडाबाईंनी टॅब माझ्या हातून काढून घेतला आणि आकडा स्वतः घातला. एकेक संगणक आत येत गेला. दहा बावन्नला कागद छापून बाहेर पडले. कृष्णात दोन पुरवण्या लिहून आला आणि म्हणाला, “सर, समदं सांडून आलो.” त्याचा चेहरा पाहून मला बरे वाटले.

तात्पर्य, सुभेदारसाहेब, आपली चोवीस तासांची हजेरी सीमेवर शोभते. जिथे शस्त्रे वर्षातून दोन दिवस रजेवर जातात, तिथे जरा बेताने सल्ला देत जावा.

आपला,
सन्मती

ता. क. प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. “चोवीस तासांची मर्यादा सैन्यातील तज्ज्ञाच्या सल्ल्याने ठरली” असे मी कळवले आहे. आपले नाव, हुद्दा आणि फोन नंबर सोबत दिला आहे. परिणामी शनिवारी दहा वाजता आपले इथे यंत्रसुरक्षेवर व्याख्यान ठरले असून नंतर शंकासमाधान आहे. शंका प्राचार्यांच्या आहेत.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी श्रावणातली डायरी सापडली. फोनवर आपण पुढे जे म्हणाला होता ते मीच टिपून ठेवले आहे: “पर तुमचं फौज न्हवं, सणवार असत्यात. तीन दिस धरा.” ते मी ऐकले, लिहिले आणि कडक नियम दिसायला बरा म्हणून सोडून दिले. खुलासा मात्र परवाच वर गेला. तेव्हा शनिवारी कोणी विचारले, तर चोवीस आपलेच म्हणावे, ही विनंती. आपल्याकडून पहाटे सुटणाऱ्या म्हसवड-सांगली गाडीवर कृष्णातची ड्यूटी आहे, तो आपल्याला खिडकी धरून ठेवील. तिकीट मात्र काढावे लागेल, तो नियमाने वागतो. आमच्यात तेवढा तोच.