भाऊजींची शिडी

अहो,

दुपारच्या वावधानानं स्वयंपाकघरावरचा पत्रा उडाला. कुणाला लागलं न्हाई. धोंडे ठेवा, धोंडे ठेवा म्हणून मी आठ दिवस कोकलून राहिले होते! पण आज भांडत न्हाई. पत्रा पडला तो थेट दयानंद भाऊजींच्या अंगणात. बांधाच्या भांडणानंतर सहा वर्षं आपला उंबरा न शिवलेले तुमचे भाऊ पत्रा डोक्यावर घेऊन दारात आले. स्वतः वर चढून ठोकला, धोंडे ठेवले, चहा प्याले. साखर कमी म्हणाले, तुमच्यासारखंच.

मागून आलेल्या पावसानं पीठ-मीठ सगळं भिजलं, म्हणून मी लेकरांना घेऊन त्यांच्याकडंच जेवायला चालले. शिडी त्यांची हाय. न्यायला लागले तर मी म्हणले, “राहू द्या, तुमचे दादा आणून देतील.” लई हसले.

तुमचं ताट तिथंच वाढते. शिडी घेऊन या.

तारा