सुईमुक्त गल्ली

३ मार्च
आजपासून लढा. कोपऱ्यावरच्या केंद्रात नशा करणाऱ्यांकडून वापरलेली सुई घेतात आणि नवी देतात. फुकट! उद्या चोरांना नव्या पहारी वाटाल का? (वाक्य झकास. भाषणात घेणे.) केंद्र बंद होईपर्यंत दाढी करणार नाही.

५ मार्च
दाढी केली. फोटोग्राफर येणार होता.
केंद्राच्या दारात ठिय्या दिला. आतली सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, अहो दादा, ही माणसं आत आली नाहीत तर सुया टाकतील कुठे? तुमच्याच गल्लीत. आणि एकच सुई चौघं वापरतील, रोग पसरेल तो वेगळाच. मी तिला राष्ट्रांच्या ऱ्हासाची कारणं सांगायला घेतली. तिसऱ्या कारणाला ती आत निघून गेली. पहिली फेरी माझी.

११ मार्च
गटारापाशी सुया सापडल्या. बाकाखालीही. बघा, या केंद्रापायी केवढी घाण! सौ. म्हणाली, तुम्ही दार अडवायच्या आधी एक तरी दिसली होती का? हिला चळवळ कळत नाही.

१६ मार्च
विजय! घरमालकाने केंद्राला जागा सोडायला लावली. सिस्टरने स्वतः खोकी टेम्पोत चढवली. बाजारामागे जाणार म्हणे. एक हडकुळा इसम जुनी सुई घेऊन आला. मलाच विचारतो, काका, आता ही द्यायची कुठे? मी म्हटलं, आधी समाजाला जाब दे. त्याने ती पायरीवर ठेवली आणि गेला.

२० मार्च, सकाळी
विजयसभा. पुरावा म्हणून गल्लीतल्या सुया मी स्वतः वेचल्या. हातमोजे नाकारले. मोज्यात मूठ वळत नाही. ‘हीच ती विषकन्या!’ म्हणत एक उंचावली आणि मूठ आवळली. बोटातून रक्त. प्रचंड टाळ्या. लोकांना भाषणाचाच भाग वाटला.

दुपारी
किरकोळ आहे. सौ.ने उगाच डॉक्टरांना फोन लावला. ते ओरडले, एड्सचा धोका आहे, औषध आजच सुरू करा, तुमच्या कोपऱ्यावरच्या केंद्रातच मिळेल, पळा! सौ. म्हणाली, ते यांनीच उठवलं. पलीकडे फोन आपटल्याचा आवाज. लाइन गेली असावी.

संध्याकाळी
बाजारामागे. रांग. पुढचा म्हणाला, काका, पहिल्यांदाच ना? घाबरू नका, सिस्टर ओरडत नाहीत. बोट पाहून सगळ्यांनी मला पुढे घातलं. सिस्टरने जखम धुतली, रक्त तपासायला घेतलं, गोळी दिली. म्हणाली, महिनाभर रोज घ्यायची, एकही चुकवायची नाही. मग पुन्हा तपासणी, तोवर काही सांगता येणार नाही. राष्ट्रांविषयी काहीच बोलली नाही.
निघताना रांगेतून कुणीतरी विचारलं, तुम्ही ते भाषणवाले ना?
मी म्हणालो, नाही हो. तो आमच्या गल्लीतला दुसरा.