सायकल डावीकडे ओढते

६ जाने., सोम.
हे आज परत पडले. सेक्टर १७ च्या अलीकडच्या चौकात. गुडघा सोललाय, पँट फाटली, डाकेची पिशवी चिखलात. महिन्यातली तिसरी खेप. म्हणे सायकल डावीकडे ओढते, हँडल परत सरळ येत नाही, जाम झालंय. मी म्हटलं सायकलीला नावं ठेवू नका, धुक्यात डोळे उघडे ठेवा, पंचवीस वर्षं ऑफिसची डाक वाटताय. सोनल आतून, "मम्मी, रहने दो ना." बारावीला आहे. मराठी सगळं कळतं, इथं आल्यापासून उत्तर हिंदीतच.
हळद लावली. आयोडीन संपलंय.

७ जाने.
गुडघ्यासाठी ह्यांची दोन दिवस रजा, सायकल घरीच. स. ७ ला स्वतः बघितली. दांडीला धरून पुढचं चाक उचललं, हँडल ढकललं. खरंच जड. जिथं सोडलं तिथंच राहिलं. चाक असं अधांतरी धरलं की आपोआप एका बाजूला पडायला पाहिजे, एवढं मलाही कळतं, माहेरी भावाच्या सायकलीची मीच उस्तवार करायची.
दु. २ ला परत बघितलं तर बरंच हलकं. सकाळी जाम, दुपारी हलकं. हे कसलं दुखणं?
जेवताना ह्यांना म्हटलं, तुमचं खरं होतं. नुसती मान हलवली.

८ जाने.
सायकल हातात धरून मार्केटच्या कोपऱ्यावर नेली, झाडाखाली सायकलवाले सरदारजी बसतात तिथं. त्यांनी हँडल दोनदा फिरवलं आणि पाना घेतला. वरचा नट काढला, हँडल काढलं, पुढचं चाक धरणारा चिमटा खाली ओढला. आतून पांढरं मेणासारखं निघालं, काळ्या मातीत मळलेलं. बोटावर घेऊन वास घेतला आणि हसायलाच लागले.
"बहनजी, ये नारियल का तेल किसने डाला?"
मी. दुसरं कोण. दिवाळीला अर्धी वाटी ओतलं होतं. चिपळूणला आमच्या घरात शिलाई मशीन, कुलूप, दाराची बिजागरी, केस, सगळ्याला खोबरेलच. तिथं ते कधी गोठत नाही. इथं डोक्याला लावायची बाटली रोज सकाळी गरम पाण्यात बुडवून ठेवते, चार वर्षं, आणि तरी सायकलीचं डोक्यात आलं नाही. दुपारी ऊन लागलं की वितळायचं म्हणून हलकं. जुनं ग्रीस पण त्याच तेलानं धुऊन गेलं. खालच्या बेअरिंगच्या वाटीतले छर्रे गंजलेले, दोन फुटलेले.
"तेल बालों में डालो जी, साइकिल को ग्रीस दो."
मी म्हटलं, "डोकं माझं, तेल माझं, तुम्ही छर्रे टाका."
"जो हुकम."
रॉकेलनं धुतलं, नवे छर्रे, नवी वाटी, ग्रीस. नट आवळला, परत थोडा सैल केला. चाक उचलून दाखवलं. आपोआप पडलं.
घरी येताना बरं वाटत होतं. माझ्या तेलानं नवरा तीनदा आपटला आणि मला बरं वाटत होतं. चूक सापडली ना. सापडली की संपली.
संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. एरवी माझं काही चुकलं की चिडवायला आठवडाभर पुरवतात. आज हसले पण नाहीत. "बरं झालं," एवढंच.

१० जाने., शुक्र.
सायकल ढकलत घरी आले. कॅपिटल कॉम्प्लेक्सपासून. एवढं लांब, चालत.
"अजून ओढते."
माझं डोकं फिरलं. तशीच सायकल घेऊन सरदारजीकडे. म्हटलं पैसे घेऊन काम अर्धं करता का, माणूस पडतोय माझा. त्यांनी एका बोटानं हँडल फिरवलं. मग स्वतः बसून मार्केटला चक्कर मारून आले, हात सोडून. या वयात. नंतर मला म्हणाले, "आप चलाओ."
चालवली. ओढणी गळ्याला गुंडाळून. सायकलीवर बसून किती वर्षं झाली, सोनल पोटात असताना सोडली होती. सरळ जाते. डावीकडे वळते, उजवीकडे वळते. लोण्यासारखी.
उतरले तर सरदारजी हळू आवाजात, "बहनजी, साइकिल ठीक है. चलाने वाले को भेजो."
नमस्कार पण केला नाही, निघून आले.

१२ जाने., रवि.
सुट्टी. क्वार्टरच्या मागच्या रस्त्यावर ह्यांना सायकल चालवायला लावली. नको म्हणत होते. "तू काय परीक्षा घेतेस?" मी म्हटलं, हो.
मी टोकाला उभी. ते येत होते माझ्याकडे. मी चाक बघत नव्हते, हात बघत होते. उजवा मुठीला घट्ट. डावा नुसता ठेवलेला. मुठीवर ठेवलेली पिशवी असावी तसा. सायकल डावीकडे डावीकडे, फुटपाथच्या दगडाला लागायच्या आधी मी म्हटलं दाबा, ब्रेक दाबा. उजवाच दाबला. डाव्याची बोटं हलली, पण ब्रेक हलला नाही.
हे उतरले. म्हणाले, "बघ, अजून जड आहे."
मी म्हटलं, हो, आहे जड.
खोटं बोलले. आयुष्यात ह्यांच्याशी कधी गोड खोटं बोलले नव्हते.

नंतर सोनलला स्वयंपाकघरात धरलं. ती रडायला लागली. "पापा के हाथ से ग्लास भी गिरता है. बटन मैं लगाती हूँ. उन्होंने बोला था मम्मी को मत बताना, वो चिल्लाएगी."
तेवढं बरोबर आहे. ओरडलेच असते.

१३ जाने.
खाली लोहडीची शेकोटी. शेजारीण बोलवायला आली, रेवडी-शेंगदाणे ताटात टाकून गेली. गेलो नाही.
ह्यांच्याशी बोलले. आवाज न चढवता, जमलं तेवढं. म्हटलं उद्या दवाखान्यात. म्हणतात ऑफिसात कळलं तर डाक काढून घेतील, मेडिकल तपासणीला पाठवतील, पोरीची बारावी, गावी बदलीचा अर्ज वर गेलाय. "थंडीनं हात आखडतो गं. उन्हाळा आला की..."
मी म्हटलं, तुमच्या हातात मी खोबरेल नाही घातलं.
तेव्हा हसले. आठ दिवसांत पहिल्यांदा. आणि मलाच रडू आलं, म्हणून उठून भांडी घासायला गेले.

१४ जाने.
संक्रांत. तिळाचे लाडू कडक झाले. दवाखाना उद्यावर ढकलला ह्यांनी. वाद घातला नाही. का घातला नाही?

१५ जाने.
सरकारी दवाखाना, स. ८ पासून रांग, नंबर लागला दु. १ ला. डॉक्टरीण पोरगीच, सोनलपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी. ह्यांना म्हणाली, दोन्ही हातांनी माझी बोटं दाबा. दाबली. मग दोन्ही हात समोर धरून डोळे मिटा. मिटले. डावा हळूहळू खाली यायला लागला. ह्यांना कळत नव्हतं. चेहरा शांत, शाळेत प्रार्थनेला उभं असल्यासारखा. मी बघत होते, ती बघत होती.
"कब से है?"
हे म्हणाले, आठ दिवस. मी म्हटलं, नाही, जास्त. किती ते मलाच माहीत नाही. एका घरात राहते.
मानेचा आणि डोक्याचा फोटो काढायचाय मशीनवर. तारीख ३ फेब्रु. त्याआधी नंबर नाही. म्हणाली मानेची नस असेल तर एक, दुसरं काही असेल तर दुसरं, आत्ता सांगता येत नाही. हात एकदम पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर लगेच घेऊन या. सायकल, स्कूटर बंद.
रिक्षात, पंचकुल्याची बस शेजारून गेली तेव्हा म्हणाले, "३ तारखेपर्यंत ऑफिसात काही बोलायचं नाही." मी हो पण म्हटलं नाही, नाही पण.

१६ जाने., गुरु.
स. ८:३०. धुकं नाही. ऊन पडलंय.
सोनल क्लासला गेली, जाताना पापांची बटणं लावून. आता लपवत नाही.
म्हटलं बसनं जा. म्हणतात डाक बसनं कशी वाटणार, विचारतील. म्हटलं विचारू दे. म्हणतात, "तू ऑफिसात येऊन सांगणार आहेस का?" सांगेन. सांगू शकते. मग ह्यांच्याकडे बघितलं आणि...
डब्यात पोळी-भाजी भरली. भाजी सुकी, चमच्यानं एका हातानं खाता येईल अशी.
आता जिन्यात उभे आहेत. सायकलीची चावी मागतायत. चावी माझ्या मुठीत आहे, आतल्या खोलीत बसून हे लिहितेय.
दुसऱ्यांदा हाक मारली.