पोटॅशियम वहिनी

गुरुवार, संध्याकाळ. फुलपाडा.

पाठ्यपुस्तकाच्या भाषांतराची पानं परत आली. संपादकबाईंचा फोन, "मॅडम, या पोटॅशियम वहिनी कुणाच्या हो?" मी 'वाहिनी'चा काना सगळीकडे खाल्ला होता. 'आतड्याच्या स्नायूत पोटॅशियम वहिनी उघडल्या की पोटॅशियम पेशीबाहेर पडतं, विजेची लाट ओसरते, स्नायू सैल होतो. त्या मिटल्या की लाट चढते आणि स्नायू आवळतो.' मीही हसले.

मग एकेक काना देत बसले. देता देता हसू गेलं. नंदाखाल गावातल्या घरी विहिरीच्या पंपावरून ह्यांचं आणि सुहासभाऊजींचं वाजलं की दोघंही, वेगवेगळे, माझ्यापाशी येऊन बोलायचे. मी नुसती ऐकायचे. जेवायच्या वेळेपर्यंत दोघं सैल झालेले असायचे. हे गेले आणि मी इथे फ्लॅटवर आले. त्यानंतर वहिनी म्हणून कुणी हाक मारलेली नाही. भाऊजींना राग आलाय? की आता बोलण्यासारखं काही उरलं नाही? पण मी तरी कुठे फोन केला?

आज केला. ही कान्याची गंमत सांगायची, एवढंच ठरवलं होतं.

"बोला वहिनी," ते म्हणाले.

बिनकान्याचा शब्द. गंमत सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"काही नाही भाऊजी, चुकून लागला."

"बरं," ते म्हणाले. पण फोन त्यांनीही ठेवला नाही. मीही बराच वेळ तसाच कानाला धरून बसले.